आग बाहेर, आग आत : एका लहान किटलीचा शोध

एक लहान किटली विकत घ्यायची होती. लिटरभर पाणी मावेल एवढी, घरच्या गॅसवर चालेल, डोंगरात नेलेल्या छोट्या स्टोव्हवर बसेल आणि वेळ आली तर तीन दगडांच्या चुलीवरही ठेवता येईल, अशी. एवढ्याशा खरेदीसाठी लेख लिहावा लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

खरेदीची वेळ आली ती माझ्याच चुकीमुळे. घरात आजोबांच्या वेळची एक पितळी किटली होती. कल्हई करून घेतली की ती नव्यासारखी दिसे. गेल्या मार्गशीर्षात आम्ही चार मित्र एका गडाच्या पायथ्याशी मुक्कामाला होतो. पाटलांच्या परड्यात, त्यांच्या परवानगीने, तीन दगड मांडून जाळ केला आणि त्यावर ही किटली ठेवली. गप्पांच्या नादात चहा ओतून झाल्यावर ती रिकामी किटली पुन्हा निखाऱ्यांवर ठेवली गेली. थोड्या वेळाने खळ्ळकन आवाज झाला. तोटी निखळून राखेत पडली होती. आत पाहिले तर पांढऱ्या कल्हईचे बारीक मणी होऊन ते बुडाशी घरंगळत होते.

पुण्यात आल्यावर नवी किटली शोधायला निघालो. बोहरी आळीत आणि तुळशीबागेत प्रत्येक दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "कशातली पाहिजे? ॲल्युमिनियम, स्टील, तांबं?" मीही त्याच प्रश्नात अडकलो. मग निखळलेली तोटी घेऊन तांबट आळीत गेलो. तिथल्या एका वयस्कर कारागिराने ती हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, धातूचं नंतर बघू. तुम्ही जाळ कुठं लावणार, ते सांगा आधी." मी म्हणालो, "खालीच की." ते हसले. "खालीच कशाला? आमच्या बापजाद्यांनी जन्मभर आत जाळ लावायची भांडी केली."

ते बंबाविषयी बोलत होते. या लेखाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

झारी आणि किटली

'किटली' हा शब्द इंग्रजी 'केटल'चा मराठी अवतार. इंग्रजीतला शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'केटिल'शी नाते सांगतो आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'कातिल्लुस', म्हणजे लहान वाडगा, उभा आहे. म्हणजे मुळात या शब्दात तोटीही नाही आणि चहाही नाही. तो नुसता वाडगा.

तोटीचे भांडे मात्र आपल्याला नवे नाही. वामनाच्या हातावर बळी उदक सोडू लागला तेव्हा शुक्राचार्य तोटीत जाऊन बसले, ही कथा झारीशिवाय घडलीच नसती. पण झारी कधी चुलीवर चढली नाही. ती पूजेची, हात धुण्याची, पाणी वाढण्याची. चुलीवर चढायचे ते तपेले, पातेले, हंडा, म्हणजे ज्यांना जोड नाही अशी ठोकून घडवलेली भांडी. तोटी अंगाला झाळून बसवावी लागते. झाळण्यासाठी वापरतात त्या कथील-शिशाच्या मिश्रणाला वितळायला दोनशे अंशसुद्धा लागत नाहीत, शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते, आणि लाकडाचा जाळ सहज सातआठशे अंशांच्या पुढे जातो. मग किटलीची तोटी रोज चुलीवर टिकते कशी? आत पाणी असते म्हणून. पाणी उकळत असेपर्यंत धातूचे अंग शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. कागदी कपात पाणी भरून तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरला तर कप जळत नाही, पाणी तापते, हा शाळेतला प्रयोग याच तत्त्वाचा. पाणी संपले की हे संरक्षणही संपले. माझ्या किटलीचे झाले ते असे. दोष तोटीचा नव्हता.

धातूंचा बाजार

तांबे आणि पितळ ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी मंडळी. दोघांनाही आंबट पदार्थ सोसत नाही, म्हणून आतून कल्हई. भांडे तापवायचे, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवायची. नवसागराचा तो पांढरा, नाकात झोंबणारा धूर ज्यांनी लहानपणी गल्लीत अनुभवला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

ॲल्युमिनियमची कथा वेगळी. हा धातू १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने पहिल्यांदा वेगळा केला आणि १८२७ साली जर्मनीच्या व्होलरने त्या कामात भर घातली. १८५४मध्ये फ्रान्सच्या सेंत-क्लेर देव्हीय याने तो थोड्या मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत शोधली, तरीही तो इतका महाग होता की तिसऱ्या नेपोलियनच्या मेजवानीत त्याचे काटेचमचे मानाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवत, असे सांगतात. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेने ॲल्युमिनियम काढण्याची एकच पद्धत शोधली आणि बादशहाचा धातू काही वर्षांत फेरीवाल्याच्या पाटीत आला. आपल्याकडे मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये ॲल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचे काम सुरू केले. सरकारी शाळेने धंदा उभा करून दाखवायचा आणि मग तो खाजगी हातात सोपवायचा, असा तो प्रयोग होता आणि तो यशस्वी झाला. कल्हई नको, वजनाला हलके, किमतीला कमी. चहाच्या टपरीवरची किटली ॲल्युमिनियमची झाली ती या तीन कारणांनी.

हा धातू किती हवाहवासा झाला याचा एक पुरावा म्हणजे १९४० सालचा इंग्लंडमधला जुलै महिना. विमाने बांधायला ॲल्युमिनियम हवे म्हणून लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या खात्याने गृहिणींना आवाहन केले आणि घराघरांतली पातेली-किटल्या रस्त्यावर ढिगाने जमा झाल्या. त्यांपैकी किती भांडी खरोखर आकाशात गेली हा वादाचा विषय आहे, पण बायकांनी ती दिली एवढे खरे.

स्टेनलेस स्टील सर्वांत धाकटे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारे पोलाद शोधता शोधता न गंजणारे पोलाद ओतले. सुऱ्यांच्या गावात सापडले म्हणून ते आधी सुऱ्यांत गेले. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून स्टीलची डबी-पातेली देण्याघेण्याची रीत रुळली ती स्वातंत्र्यानंतर. कल्हईवाल्याचा आवाज गल्लीतून नाहीसा होण्याला ॲल्युमिनियमइतकेच स्टीलही कारण आहे.

हिशेब

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे. पाणी लवकर उकळायला कोणता धातू चांगला? सगळे सांगतात, तांबे. उष्णता वाहून नेण्यात तांबे स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपटीहून अधिक सरस आहे, हे पुस्तकात छापलेले आहे आणि खरेही आहे. ॲल्युमिनियम या दोघांच्या मध्ये, पण तांब्याकडे झुकलेले.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चौदा सेंटिमीटर व्यासाचे बूड, अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आणि त्यातून एक किलोवॅट उष्णता आत चालली आहे असे धरले. स्टीलच्या पत्र्याच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूच्या तापमानात फरक निघाला जेमतेम दोन-सव्वादोन अंशांचा. तांब्यात तो एका अंशाच्या दशांशाहूनही कमी. पण ज्योत हजार अंशांच्या घरात आणि पाणी शंभर अंशांना! या नऊशे अंशांच्या दरीत धातूने अडवलेले दोन अंश म्हणजे काहीच नव्हेत. खरा अडथळा पत्रा नाही. तापलेल्या हवेतून पत्र्यात उष्णता शिरणे हाच अवघड भाग आहे. हवा भांड्याच्या बुडाला चाटून जाते, थोडी उष्णता देते आणि उरलेली घेऊन बाजूने निसटते. घट्ट पिठले किंवा खीर करायची असेल तर तांब्याचा गुण उपयोगी, कारण तिथे उष्णता बुडावर सारखी पसरायला हवी. पाण्याला त्याची गरज नाही, ते स्वतःच खालीवर फिरून उष्णता वाटून घेते.

दुसरा हिशेब सरपणाचा. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत ती साधारण पंधरा-सोळा हजार किलोज्यूल असते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर लिटरभर पाण्याला वीस ग्रॅम लाकूड पुरावे, एखादी बोटभर जाडीची काटकी. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्यात पोचते. वीस ग्रॅमचे दीडशे-दोनशे ग्रॅम होतात. उरलेली काटकी आपण आकाश तापवायला जाळतो.

ही गोष्ट सर्वांत आधी पोटतिडकीने मांडली ती बेंजामिन टॉम्प्सन ऊर्फ काउंट रमफर्ड याने. १७५३ साली अमेरिकेत जन्मलेला, इंग्रजांची बाजू घेतल्यामुळे तिथून परागंदा झालेला आणि बव्हेरियाच्या राजदरबारात चढलेला हा विलक्षण माणूस. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवरून त्याने १७९८मध्ये, उष्णता हा पदार्थ नव्हे, असे मांडले हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असते. पण त्याच माणसाने म्यूनिकमध्ये गोरगरिबांसाठी अन्नछत्र चालवताना सरपण तोलून तोलून मोजले होते. इंग्लंडमधल्या उघड्या शेगड्यांविषयी तो चिडून लिहितो की, चहाची एक किटली उकळायला तिथे जेवढे इंधन उडवले जाते तेवढ्यात नीट व्यवस्था केली तर पन्नास माणसांचे जेवण शिजेल. अतिशयोक्ती थोडी असेल. त्याचा उपाय साधा होता, आग बंदिस्त करा आणि भांडे आगीत असे बसवा की तापलेल्या हवेला त्याच्या अंगावरून गेल्याशिवाय वाटच मिळू नये. वर्ध्याच्या मगनवाडीचे नाव लावणारी आपली मगन चूल याच विचाराच्या गोत्रातली. आग झाकायची, धुराला वाट द्यायची आणि मधल्या वाटेवर भांडी बसवायची.

रमफर्डने आग भांड्याभोवती आणली. तांबट आळीतल्या त्या कारागिरांचे म्हणणे याच्याही पुढचे होते. भांडेच आगीभोवती आणायचे.

आग आत

ही युक्ती किती जुनी? इसवी सनापूर्वी ८० साली तरुण सिसेरोने रोममध्ये एका खुनाच्या खटल्यात बचावाचे भाषण केले. त्यात क्रिसोगोनस नावाच्या एका माजलेल्या माणसाच्या घरातल्या उंची वस्तूंची यादी येते आणि तिच्यात एक 'ऑथेप्सा' आहे. ऑथेप्सा म्हणजे आपले आपण उकळणारे भांडे. ते लिलावात इतक्या किमतीला गेले की, सिसेरो म्हणतो, रस्त्याने जाणाऱ्यांना आकडा ऐकून एखादी शेतजमीनच विकली जाते आहे असे वाटले. पोम्पेईच्या उत्खननात अशा जातीची काशाची भांडी निघाली आहेत. बाहेर पाण्याची पोकळ भिंत आणि पोटात निखाऱ्यांची जागा.

चीनमध्ये जेवणाच्या टेबलावर मधोमध धुराडे असलेले रश्शाचे भांडे असते, ते याच कुळातले. रशियात १७७८ साली तुला शहरात लिसित्सिन बंधूंच्या कारखान्यात समोवार बनू लागले आणि पुढे ते शहर त्यासाठी इतके प्रसिद्ध झाले की, तुलाला जाताना स्वतःचा समोवार नेणे ही रशियन भाषेत म्हणच झाली. मधल्या उभ्या नळीत कोळसा किंवा पाइनची बोंडे, नळीभोवती पाणी, वर चहाच्या अर्काची लहान किटली. आग मंदावली तर पायातला उंच बूट काढून तो नळीवर बसवून भात्यासारखा दाबायचा. काश्मीरचा तांब्याचा, नक्षीकामाचा समावार या रशियन समोवाराचा मध्य आशियाच्या वाटेने झालेला नातलग. कहवा आणि नून चाय त्यातूनच ओतले जातात. मुंबईच्या इराण्यांच्या हॉटेलांत गल्ल्यामागे वाफाळत उभा असे तोही समोवार, आणि जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ज्या कॅफेत १९६४पासून २०१५पर्यंत चित्रकार-कवी बसले त्याचे नावही तेच.

आणि आमचा बंब. तांब्याचा उभा पिंप, मधून आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी, खाली राखेची जागा, वर पाणी ओतायचे तोंड आणि बाजूला तोटी. नळीत ढलप्या, शेणकुटे, कोकणात नारळाची सोडणे आणि करवंट्या. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम केलेले बंब घडत. ठोक्यांच्या त्या खळ्या शोभेसाठी असतातच, पण ठोकून ठोकून पत्रा कठीण होतो, हा त्यामागचा धंद्याचा अर्थ.

बंब या शब्दाचे नाते पोर्तुगीज 'बोंबा'शी, म्हणजे पंपाशी, सांगितले जाते. म्हणून आग विझवायलाही बंबच येतो. एकाच शब्दाने आपण आग पोटात ठेवणाऱ्या भांड्यालाही हाक मारतो आणि आग विझवणाऱ्या गाडीलाही.

आता या कुळातला सर्वांत थोरला. जेम्स वॉटने किटलीचे झाकण उडताना पाहिले आणि वाफेचे इंजिन शोधले ही गोष्ट आपण सगळे शिकलो. ती खरी नाही, कारण न्यूकमेनचे इंजिन १७१२पासून खाणीतले पाणी उपसत होते. किटली मात्र वॉटच्या कामात खरोखर होती. किटलीच्या तोटीतून निघणारी वाफ थंड पाण्यात सोडून त्याने मोजले, तेव्हा त्याला दिसले की पाण्याची वाफ आपल्या वजनाच्या जवळजवळ सहापट पाणी उकळीपर्यंत नेते. सुप्त उष्णतेचा तो पडताळा. पण वॉटच्या काळातले बॉयलर म्हणजे मोठ्या किटल्याच. आग खाली, पाणी वर. कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेविथिकने आगीची नळी पाण्याच्या पिंपातून नेली. पुढे १८२९च्या ऑक्टोबरात रेनहिलला इंजिनांची शर्यत झाली तेव्हा स्टीफन्सनच्या 'रॉकेट'च्या पोटात एक नळी नव्हती, तांब्याच्या पंचवीस नळ्या होत्या. तापलेली हवा त्या पंचवीस वाटांनी पाण्यातून जाई. रॉकेट शर्यत जिंकले त्याचे मोठे कारण हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या आगगाडीची इंजिनेही याच नळ्यांच्या तत्त्वाची. त्या दिवशी गर्दी करून पाहणाऱ्यांना धावताना दिसला तो एक आडवा केलेला बंबच होता.

या युक्तीचा धोकाही सारखाच. पाणी नसताना आग लावली की नळी जळते, सांधे उसवतात. वाफेला वाट नसेल तर भांडे फुटते. १८६३ साली कलकत्त्यात एक बॉयलर फुटला, माणसे गेली आणि त्यातून पुढच्या वर्षी बंगालात बॉयलर तपासणीचा कायदा आला. बंबात पाणी भरल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा आपल्या घरातला नियम त्या कायद्याचाच घरगुती भाऊ.

डोंगरात न्यायची किटली या कुळात आहे का? आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉक कॉन नावाच्या तळ्याकाठी केली घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशी किटली बनवली. कोळ्याच्या होडीत नेता येईल एवढी, पोटात धुराडे, खाली लहान ताटलीत काटक्या. न्यूझीलंडमध्ये जॉन हार्ट यांनी १९२९च्या सुमारास 'थर्मेट' नावाने तशीच किटली काढली आणि दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात न्यूझीलंडच्या सैनिकांनी तिच्यात चहा केला. 'बेनगाझी बॉयलर' हे तिचे टोपणनाव तिथलेच. वाऱ्यात उघडी आग विझते किंवा उधळते, इथे वारा धुराड्याला जोर देतो. मूठभर काटक्यांत पाणी उकळते.

भांड्याचा दोष

मग अशीच किटली का घेऊ नये? या प्रश्नाशी आलो तेव्हा मला दोन प्रवास आठवले.

१८३५च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन अँडीज ओलांडत होता. उंचावरच्या मुक्कामात बटाटे उकळायला ठेवले. कित्येक तास उकळले, रात्रभर भांडे आगीवर होते, सकाळी पुन्हा उकळले, तरी बटाटे कच्चेच. डार्विनला कारण माहीत होते. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. पण त्याच्या बरोबरच्या दोघा माणसांचा निष्कर्ष त्याच्या कानावर पडला. त्यांच्या मते हे मेले भांडे नवे आहे आणि त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत! आपल्या अडचणीचा दोष भांड्याला देण्याची सवय किती सार्वत्रिक आहे, हे वाचून मला दुकानातला मी आठवलो. तीनशे मीटर चढले की उकळबिंदू साधारण एक अंश उतरतो. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर पाणी पंचाण्णव अंशांच्या आतबाहेर उकळते, म्हणून तिथला चहा अंमळ फिका लागला तर चहापत्तीवाल्याला शिव्या देऊ नयेत. जोसेफ हूकरसारखे शोधप्रवासी हिमालयात हाच उकळबिंदू मोजून उंची काढत. भांडे त्यांची मोजपट्टी होती.

दुसरा प्रवास ध्रुवाकडचा. १८९२ साली स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्टने रॉकेलची वाफ करून निळ्या ज्योतीने जाळणारा प्रायमस स्टोव्ह आणला. पंप मारायचा, पिन करायची तो आपला पितळी स्टोव्ह त्याचाच वंशज. नान्सेनने 'फ्राम' जहाजाच्या १८९३ ते १८९६च्या मोहिमेत तो नेला आणि त्यावर स्वतःची भांडी बसवली. मध्ये उकळायचे भांडे, त्याच्याभोवती कड्याच्या आकाराचे दुसरे भांडे, वर बर्फ वितळवायचे ताट आणि या सगळ्यावर टोपण. ज्योतीची हवा मधल्या भांड्याला तापवून सुटते न सुटते तोच दुसऱ्या, तिसऱ्या भांड्याच्या तावडीत सापडे. ध्रुवावर ही चैन नव्हती. शून्य अंशाचा किलोभर बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ तेवढेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापवण्याइतके. इंधन नाही तर पाणी नाही. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तुकडीला साठ्यावरचे रॉकेलचे डबे अर्धवट रिकामे मिळाले. बुचांखालच्या चामड्याच्या चकत्या थंडीत आकसून तेल निसटले होते. अमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. स्कॉट आणि त्याच्या सोबत्यांच्या मृत्यूला अनेक कारणे होती, पण निसटलेले तेल त्यांतले एक.

म्हणजे काय जाळणार आणि ते किती आहे, हे ठरल्यावाचून भांडे ठरत नाही. पोटात आग घेणारी किटली काटक्यांवर राज्य करते, पण घरच्या गॅसवर अवघडते. ज्योत नळीतून वर निघून जाते आणि बुडाला पुरेसा पृष्ठभागच नसतो. शिवाय आकार मोठा, आणि तिच्यात भात शिजत नाही. आणि आमच्या गडांवर, जंगलखात्याच्या हद्दीत आग पेटवायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे, ती योग्यही आहे. चूल लागणार वर्षातून दोनदा, कुणाच्या तरी परड्यात. उरलेले दिवस स्टोव्ह.

मी घेतली ती स्टेनलेस स्टीलची. बूड रुंद, उंची कमी, म्हणजे ज्योत जास्त अंगाला लागावी. तोटी झाळलेली नाही, पोलादानेच सांधलेली, आणि बुडापासून वर. वर धरायला आडवी कडी, जिच्यावर प्लास्टिक नाही, म्हणजे जाळाने वितळायला काही नाही. झाकण घट्ट. ॲल्युमिनियम हलके होते, पण ते ६६० अंशांना वितळते, आणि विसरभोळ्या माणसाने स्वतःची कुवत ओळखावी. चुलीवर ठेवताना बाहेरून राख-मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी घासत बसावे लागत नाही. हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, आईने सांगितले.

आईलाच मी बंबाविषयीही विचारले. आमच्या घरातला बंब मी शाळेत असताना गीझर आल्यावर मोडीत, वजनावर गेला. या लेखासाठी वाचताना मला त्याची हळहळ वाटू लागली होती. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत न्यायला उघड्या चुलीवर दीड-दोन किलो लाकूड जावे, तिथे बंबाने निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरवली तर अर्ध्या किलोत काम भागते. रमफर्डने ज्याच्यासाठी आयुष्य घालवले, ते आमच्या न्हाणीघरात उभे होते आणि आम्ही ते भंगारात दिले, असे मी जरा आवेशाने म्हणालो.

आई म्हणाली, "अरे, लाकूड कमी लागायचं हे खरं. पण पहाटे चारला उठून ढलप्या कोणी फोडल्या? पावसाळ्यात ओल्या लाकडाचा धूर कोणी गिळला? तू उठायचास तेव्हा पाणी तयार असायचं."

माझ्या सगळ्या हिशेबात किलोज्यूल होते, ग्रॅम होते, अंश होते. पहाटे चारला उठणारे माणूस नव्हते. सिसेरोच्या यादीतल्या त्या महागड्या भांड्यात निखारे घालणाराही कुणी गुलामच असणार. 'आपले आपण उकळणारे' असे नाव ज्यांनी दिले त्यांनी ते कधी पेटवले नसावे.

बंब चांगला होता, आणि आई त्यातून सुटली हेही चांगले झाले. दोन्ही गोष्टी मला आता एकदमच मान्य कराव्या लागतात. तांबट आळीतल्या कारागिरांना तोटी परत बसवायला सांगितली आहे. त्यांनी ती बसवली आणि वर बजावले, "पाण्याशिवाय ठेवू नका." आजोबांची किटली आता फक्त घरच्या गॅसवर, मी समोर उभा असताना, चढते. डोंगरात स्टीलची जाते. आणि जाळ पेटवायची पाळी आली की काटक्या मी गोळा करतो.